फायनान्शियल एड मागणं म्हणजे भीक नव्हे

राजापूरची ताई: काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "अमेरिकेतल्या कॉलेजांकडे एड, म्हणजे फीसाठी आर्थिक मदत, मागणं म्हणजे परक्याच्या दारात झोळी घेऊन उभं राहणं. आपल्या पोरांनी गपचूप रत्नागिरीत बीएस्सी करावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. धाकट्या भावाचे सगळे फॉर्म मी भरलेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि २०२२ पासून डार्टमथ, बोडन. या सातांत परदेशी मुलाने पैसे मागितले म्हणून प्रवेशाला धक्का लागत नाही, आणि घरच्या ऐपतीपलीकडचा खर्च कॉलेज उचलतं. बाकी बहुतेक नीड-अवेअर, म्हणजे मागितलंत की चाळणी बारीक. तरी पहिल्याच अर्जात मागा, नंतर अनेक कॉलेजं ऐकत नाहीत.

मास्तर, सावंतवाडी: तुमच्या सातही ठिकाणी शंभरात दहासुद्धा घेत नाहीत. आणि ऐपत ठरवणार कशी? माझ्या फॉर्म १६ मध्ये पै न् पै दिसते. दोनशे कलमांच्या बागायतदाराचं उत्पन्न करमुक्त, वर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला साठ हजारांचा. एड त्याच्या पोराला, कर्ज माझ्या पोरीला!

बागायतदार, देवगड: मास्तर, तोंड सांभाळून. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तुमचा पगार पडला होता का? आमचा काढणीला आलेला आंबा पडला. फवारणी, राखण, पेट्या, वाशीच्या दलालाची उचल, सगळं फेडून काय उरतं ते बघायला या. बाग म्हणे श्रीमंती! मुलीच्या कर्जासाठी बँकेत सातबारा ठेवला. साहेबाने बोट फिरवत नावं मोजली, चौदा. दोघे वारलेले, आत्या नालासोपाऱ्यात. वर म्हणतो, शेतजमीन तारणाला चालत नाही, एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का?

वाचक, चिपळूण: बँकेचंही खरं आहे. थकलेल्या कर्जासाठी सरफेसी कायद्याखाली शेतजमीन जप्त करता येत नाही, म्हणून साडेसात लाखांवर गेलं की ते घर किंवा एफडी मागतात.

कुडाळकर: आमच्या सातबाऱ्यार अजून आज्याचा नाव आसा. वारस नोंदीक किती फेरे मारूचे?

वाचक, चिपळूण: सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा. हिस्सा सोडणारा कोणी असेल तर हक्कसोडपत्र नोंदवूनच घ्या, साध्या कागदावर नको.

बागायतदार, देवगड: नोंदवायला आधी आत्या फोन उचलायला हवी.

राजापूरची ताई: सातबाऱ्यावरच आमचा फॉर्म अडला होता. सीएसएस प्रोफाइल म्हणजे एडसाठी घरची ऐपत सांगायचा फॉर्म, त्यात मालमत्तेची किंमत विचारतात. अख्ख्या बागेची लिहिली असती तर आम्ही कोट्यधीश दिसलो असतो. आमचा हिस्सा सातवा, तेवढाच लिहिला, उताऱ्याचं भाषांतर जोडलं. मास्तर, खोट्या दाखल्याची बाजू मी घेणार नाही, तुमचा राग खरा आहे. म्हणून बाबांची वही लावली. कोणत्या तारखेला किती पेट्या गेल्या, काय भाव मिळाला, हमाली किती कापली, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात. लाइट गेलेली, आई टॉर्च धरून उभी, मी एकेक पान मोबाईलवर स्कॅन करतेय. आंबा गेला त्या वर्षाचं वेगळं पत्र लिहिलं, कारण फॉर्मला आधीच्या वर्षांचे आकडे लागतात, यंदाचं नुकसान त्यात उमटत नाही. आणि हो, त्या सातांपैकी एकानेही भावाला घेतलं नाही. घेतलं ते एका नीड-अवेअर कॉलेजने, जवळजवळ सगळा खर्च देऊन.

मास्तर, सावंतवाडी: म्हणजे सातांबद्दल मी बरोबरच होतो. वही लावलीत ते चांगलं केलंत, एवढं मान्य. पण सगळे तसं करत नाहीत.

बागायतदार, देवगड: सगळे दाखलेही विकत आणत नाहीत.

मास्तर, सावंतवाडी: बरं, सगळ्यांना एका मापाने मोजलं, ते चुकलं. मुलगी अकरावीत आहे. आईचं आठवड्याला तीनदा डायलिसिस असतं, ते फॉर्म १६ मध्ये कुठे दिसतं? दाखवता येतं का?

राजापूरची ताई: येतं. विशेष परिस्थितीच्या रकान्यात लिहायचं. आत्तापासून बिलं महिन्यावार लावून ठेवा, प्रवासखर्चाचीसुद्धा. पत्राचा मसुदा मी पाठवते.