विषय: हायवे वनवर हनिमून – मुक्काम कुठे करावेत?

प्रेषक: केतकी

नमस्कार मंडळी,

लग्नाची बातमी बऱ्याच जणांना कळली आहेच. आता पुढची तयारी. ऑक्टोबरच्या अखेरीस मी आणि निनाद आठ रात्रींसाठी कॅलिफोर्नियाला जातोय. सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि हायवे वनने, म्हणजे एक नंबरच्या महामार्गाने, समुद्राच्या कडेकडेने लॉस अँजेलिस गाठायचं, असं डोक्यात आहे. सगळे सांगतात की उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, म्हणजे समुद्र आपल्या बाजूला राहतो.

मुक्काम असे धरलेत: पहिली रात्र सॅन फ्रान्सिस्को, मग हाफ मून बे, माँटेरे, बिग सर, केंब्रिया, सॅन लुइस ओबिस्पो, सँटा बार्बरा आणि शेवटची लॉस अँजेलिस. प्रत्येक ठिकाणी एकेक रात्र. हायवेलगतच्या नेहमीच्या साखळी हॉटेलांत राहायचं नाही, एवढं नक्की. लाटांचा आवाज येईल, शेकोटी असेल, चार दिवस गेल्यावरही ती खोली आठवेल, अशी ठिकाणं हवी आहेत. या रस्त्याने कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.

केतकी


प्रेषक: शुभांगी

केतकी,

दोघांचं मनापासून अभिनंदन. तुझी यादी वाचली आणि आधी मोजलं काय, तर मुक्काम. आठ रात्री, आठ हॉटेलं. माझं ऐक आणि यातले निम्मे मुक्काम आजच खोडून टाक.

अशा जागांचं वेळापत्रक बघ. दुपारी तीन-चारच्या आधी खोली मिळत नाही आणि सकाळी अकराच्या आसपास सोडावी लागते. म्हणजे ज्या खोलीसाठी तू एवढी शोधाशोध करते आहेस, ती उजेडात तुला जेमतेम काही तास मिळणार, आणि त्यातला एक तास बॅगा उघडण्यात नि भरण्यात जाणार. आम्ही लग्नानंतर याच रस्त्याने गेलो होतो, सहा रात्रींत सहा गावं. बिग सरला समुद्र दिसणारी खोली मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतली होती. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी पडदा सरकवला तर बाहेर नुसतं पांढरं धुकं. अकरा वाजता किल्ली परत दिली. त्या खोलीतून आम्हाला समुद्र फक्त ऐकू आला. अजून रुखरुख लागते मला.

धुक्याचं कारणही सांगते, म्हणजे तुला तारखा ठरवायला बरं. त्या किनाऱ्याचं पाणी फार थंड असतं, कारण वाऱ्यामुळे खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावर जरा उबदार हवा आली की ढग अगदी खाली उतरतात. उन्हाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, हे सगळ्यात जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबर त्या मानाने स्वच्छ, त्यामुळे तुमचा महिना छान आहे. तरी सकाळचं धुकं असलंच, तर ते पुष्कळदा दुपारपर्यंत विरतं. दोन रात्री असतील तर मधला अख्खा दिवस तुमचा. एकच रात्र असेल तर धुकं विरायच्या आत तुम्ही पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असाल.

आणखी एक. गाडीत माणसं शेजारी-शेजारी बसतात. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर, दुसऱ्याचे नकाशावर. दिवसभर बरोबर असूनही एकमेकांच्या तोंडाकडे बघणं होत नाही. नव्या लग्नात ते व्हायला हवं, म्हणून म्हणते, चाकं थांबू देत.

आता जागा. बिग सरमध्ये डीटजेन्स इन नावाचं छोटं हॉटेल आहे. हेल्मुथ डीटजेन नावाच्या नॉर्वेतून आलेल्या माणसाने १९३०च्या दशकात उभारलेली, रेडवुड या उंच झाडाच्या लाकडाची घरं. टीव्ही नाही, फोन नाही. खोल्यांत वह्या ठेवलेल्या असतात, त्यात आधी राहून गेलेल्यांनी आपापलं काहीबाही लिहून ठेवलेलं असतं. मला विचारशील तर सगळ्या किनाऱ्यावर यासारखी जागा नाही. भिंती एकेरी फळीच्या आहेत, तेव्हा हळू बोलायचं. तिथे जागा नसेल तर फायफर बिग सर स्टेट पार्कच्या आतलं लॉज बघ; तिथून समुद्र दिसत नाही, पण रेडवुडची झाडं दाराशी येतात. आणखी दक्षिणेला ट्रीबोन्स म्हणून जागा आहे, तिथे डोंगराच्या कडेला यर्ट आहेत, म्हणजे कापडी गोल घरं. स्नानगृह सामायिक असतं, हे दोघांना चालेल का ते आधी ठरवा.

केंब्रियाला मूनस्टोन बीचसमोर छोट्या इनची रांगच आहे. बहुतेक ठिकाणी खोलीत शेकोटी, आणि रस्ता ओलांडला की समुद्राकाठची लाकडी पायवाट. तुझं वर्णन अक्षरशः तिथलंच आहे. सॅन लुइस ओबिस्पोचं मॅडोना इन १९५८ मध्ये सुरू झालं. ११० खोल्या, एकीसारखी दुसरी नाही, काही तर चक्क दगडी गुहेसारख्या. गंमत म्हणून आत शिरून बघा. मला तिथला भडक गुलाबी रंग फार वेळ सोसला नसता. सँटा बार्बराजवळच्या माँटेसिटोत सॅन इसिड्रो रँच आहे. १९५३ मध्ये जॉन आणि जॅकलिन केनेडी हनिमूनला तिथे राहिले होते. पण ती फार महागडी जागा आहे. त्या एका रात्रीच्या पैशांत दुसरीकडे कितीतरी रात्री होतील, आणि मी त्या जास्तीच्या रात्रीच घेईन.

निनादला यातलं काय हवंय, ते विचारलंस का? तुझ्या पत्रात त्याचं नाव एकदाच आलंय.

शुभांगीताई


प्रेषक: श्रीकांत

केतकी, अभिनंदन! शुभांगीने राहण्याचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो.

कार्मेल ते सॅन सिमियन हा साधारण ९० मैलांचा टप्पा म्हणजे बिग सर. तो रस्ता १९३७ मध्ये पुरा झाला, आणि तेव्हापासून डोंगर अधूनमधून त्याला समुद्रात ढकलत आला आहे. मे २०१७ मध्ये मड क्रीकला अख्खी डोंगरउतरण खाली आली आणि रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. त्यानंतरही दरडी कोसळल्या आहेत. म्हणून बुकिंगच्या आधी, निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी, असं तीनदा कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याच्या, क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर रस्ता तपासायचा. वाट मध्येच बंद असेल तर माघारी फिरून १०१ नंबरच्या हायवेने वळसा घालावा लागतो, त्यात दिवस जातो. बिग सरचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या, आणि रस्ता बंद झाल्यास पैसे परत मिळतात का, हे फोनवर स्पष्ट विचारून ठेवा. शनिवार-रविवारी बऱ्याच इनमध्ये किमान दोन रात्री घ्याव्याच लागतात, त्यामुळे शुभांगीचा सल्ला तसाही पाळावा लागेल.

त्या टप्प्यात मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. नकाशे आधी उतरवून ठेवा, बुकिंगचे कागद छापून घ्या. पेट्रोल कार्मेलला किंवा केंब्रियाला भरून घ्यायचं, मध्ये पंप मोजकेच आणि महाग.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. तुमची सहल त्या रविवारावरून जात असेल तर चारपर्यंत मुक्कामी पोचायचंच. ती वळणं अंधारात नकोत.

निनाद नुकताच इकडे अमेरिकेत आला असेल, तर लायसन्सचंही बघा. पाहुणा म्हणून आलेल्याला कॅलिफोर्नियात आपल्या देशाच्या लायसन्सवर गाडी चालवता येते, पण भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात. दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे पैसे लागतात का, तेही आत्ताच विचारा.

श्रीकांतकाका


प्रेषक: केतकी

ताई, काका, खूप खूप आभार.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. निनादला मी याद्या दाखवत होते आणि तो "छान आहे" म्हणत होता, त्याला होकार धरून मी पुढे जात होते. काल रात्री नीट विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की त्याला उंचीची भीती वाटते. कड्यावरून खाली बघितलं की हातापायांना घाम सुटतो. बिग सरच्या बिक्सबी पुलाचा फोटो मी इतक्या आनंदाने दाखवला होता की त्याला सांगवेना. २६० फुटांहून उंच असलेला तो १९३२ सालचा पूल मी आमच्या सहलीचं मुखपृष्ठच करून टाकला होता.

सहल रद्द करायची नाही, असं तोच म्हणतोय. त्याला समुद्र आवडतो, आणि एक गोष्ट त्याने स्वतःहून मागितली: एखाद्या दीपगृहात राहता येईल का? काका, लायसन्सचा प्रश्न नाही, तो इथे पाच वर्षं गाडी चालवतोय. पण त्या रस्त्यावर त्याला त्रास कमी होईल असं काही करता येईल का?

केतकी


प्रेषक: श्रीकांत

केतकी, बरं झालं विचारलंस. यावर सरळ उपाय आहे: सहल उलटी करा. लॉस अँजेलिसला उतरा आणि उत्तरेकडे या.

इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि चालक डावीकडे बसतो. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना गाडी समुद्राच्या बाजूच्या लेनमध्ये असते, आणि उजवीकडे बसलेला माणूस अक्षरशः कड्यावर बसलेला असतो. उत्तरेकडे जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला. उजवीकडे बसलेल्याच्या खिडकीबाहेर माती आणि झुडपं, मधे समोरून येणाऱ्या गाड्यांची लेन, आणि समुद्र त्यापलीकडे. दिसतो पुरेसा, पण अंगावर येत नाही. माझ्या बायकोलाही हाच त्रास आहे, आम्ही कायम असेच जातो.

एक काळजी मात्र घ्यायची. बघण्यासाठी थांबायच्या जागा बहुतेक समुद्राच्या बाजूला आहेत, म्हणजे तुम्हाला समोरची लेन ओलांडून डावीकडे वळावं लागेल. वळणाजवळ ते कधीही करू नका. सरळ पुढे जा, दोन्हीकडचं लांबवर दिसेल अशा ठिकाणी गाडी वळवा आणि मागे या. पाच मिनिटं गेली तर गेली. मागे गाड्यांची रांग लागली तर उजवीकडच्या टर्नआउटमध्ये, म्हणजे बाजूला थांबायच्या जागेत, शिरून त्यांना जाऊ द्या. कोणी मागून घाई करत नसलं की चालवणाऱ्याची निम्मी भीती जाते.

दीपगृहाचं शुभांगीला विचार.

श्रीकांतकाका


प्रेषक: शुभांगी

आहे, दीपगृह आहे! सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सुमारे ५० मैलांवर पिजन पॉइंट. १८७२ सालचं, ११५ फूट उंच. मनोऱ्याच्या पायथ्याशी तटरक्षक दलाच्या लोकांची घरं होती, त्यांचं हॉस्टेल केलं आहे. त्यात दोघांपुरत्या खाजगी खोल्या मिळतात, पण थोड्याच असतात, तेव्हा आत्ताच चौकशी कर. थाटमाट काही नाही. मनोऱ्यावर चढायचं नसतं, त्यामुळे निनादला बाधा नाही. उत्तरेकडे येताना हा तुमचा शेवटचा मुक्काम होतो, आणि मला तो तसाच आवडेल.

बिग सरमध्ये सगळंच काही कड्यावर नाही, हेही त्याला सांग. मॅकवे धबधबा ८० फुटांवरून थेट वाळूत पडतो, तो छोट्याशा पायवाटेवरून बघता येतो. खाली पुळणीवर जायची परवानगी नाही. त्या वाटेची कडा त्याला नको वाटली तर फायफर बीचला जा. सिकॅमोर कॅनियन रोडने आत गेलं की गाडी ठेवून सपाट वाळूत चालत जायचं. गार्नेट या खनिजाच्या कणांमुळे वाळूत जांभळे पट्टे असतात. रस्ता अरुंद आहे आणि गाड्यांना जागा थोडी, म्हणून सकाळी लवकर. आणि केंब्रियाहून निघाल्यावर पिएद्रास ब्लांकासला थांबा. तिथे एलिफंट सील नावाचे अवाढव्य समुद्री प्राणी रस्त्यालगतच्या पुळणीवर लोळत असतात. मोठे नर डिसेंबरच्या सुमारास येतात, तुम्हाला बहुतेक लहान वयाचे दिसतील. आम्ही दहा मिनिटांसाठी थांबलो होतो आणि दीड तास तिथेच होतो. त्या सहलीतली माझी सगळ्यात आवडती दुपार तीच.

शुभांगीताई


प्रेषक: केतकी

नमस्कार,

ठरलं. सँटा बार्बरा दोन रात्री, केंब्रिया दोन, बिग सर तीन आणि पिजन पॉइंट एक. पिजन पॉइंटची खोली निनादने स्वतः फोन करून मिळवली. डीटजेन्सला तीनपैकी दोन रात्री मिळाल्या, तिसरी पार्कमधल्या लॉजमध्ये. रस्ता बंद झाला तर काय, हे दोन्हीकडे विचारून घेतलं आहे. सॅन लुइस ओबिस्पोला जाता जाता फक्त डोकावणार.

बिग सरमध्ये मी चालवणार आणि तो उजवीकडे, डोंगराच्या बाजूला. बिक्सबी पूल आता आमच्या वाटेत बिग सर सोडताना येतो, म्हणजे तीन दिवस तिथे राहून झाल्यावर. निनाद म्हणतो, तोवर जमेल असं वाटलं तर पूल तो स्वतः चालवत पार करेल. नाही वाटलं तर मीच. त्या सकाळी ठरवू.

केतकी