जुना फोन: लिनिएज (अँड्रॉइडचीच मुक्त, मोफत आवृत्ती) टाकून वापरायचा की सरळ भंगारात?

कळफलक्या:
कपाटात वनप्लस ६ पडून होता, २०१८ चा. कंपनीचे अपडेट अँड्रॉइड ११ वर येऊन थांबलेले. शनिवारी बसलो, संगणकावरच्या लिनक्स मिंटवर टर्मिनल उघडून सुडो एपीटी इन्स्टॉल एडीबी फास्टबूट मारलं (एपीटी म्हणजे मिंटची सॉफ्टवेअर उतरवणारी आज्ञा, बाकी दोन फोनशी बोलायची साधनं), झालं, विंडोजसारखं ड्रायव्हर शोधत फिरायची भानगड नाही. मग बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, अनलॉक (सगळा डेटा पुसला जातो हां, फोटो आधी काढून घ्या), लिनिएजची रिकव्हरी (दुरुस्तीचा वेगळा मोड), साइडलोड (संगणकावरून केबलने सिस्टिम टाकणं), आणि आता त्याच डबड्यावर अँड्रॉइड १५ मस्त पळतंय. आईला देणार. दर दोन वर्षांनी नवा फोन घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

शंकासुर:
द्या खुशाल, पण तिचं यूपीआय चालतं का ते बघा आधी. बूटलोडर उघडा राहिला की प्ले इंटिग्रिटीची (फोनशी छेडछाड झालीय का ते बघणारी गूगलची) तपासणी अडते आणि बरीच बँकेची अ‍ॅप्स तिथेच हात वर करतात. दुसरं म्हणजे लिनिएजचा सिक्युरिटी पॅच ताजा असेल, पण मोडेमचं फर्मवेअर (नेटवर्कच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) आणि चिपच्या बंद, फक्त कंपनीच बदलू शकते अशा फायली कंपनीने सोडल्या तेव्हाच्याच. बाहेरून रंग काढलाय, चौकटीत वाळवी तशीच.

कळफलक्या:
मग जुन्या अँड्रॉइड ११ वर काय वाळवी नव्हती? निदान अर्धं घर तरी दुरुस्त झालं. आणि आई भाजीवालीला पण रोखच देते.

जुनाट_पेंग्विन:
एपीटीचं कौतुक मिंटवर आहात म्हणून. उबंटूवर (मिंट ज्यावर बेतलंय ते लिनक्स) २२.०४ आवृत्तीपासून एपीटीने फायरफॉक्स मागा, गुपचूप स्नॅप (उबंटूवाल्यांचं स्वतःचं अ‍ॅप-पॅकेज) गळ्यात मारतात. मिंटने २०२० मध्येच स्नॅपला दार बंद केलं ते उगाच नाही.

शंकासुर:
आणि फ्लॅटपॅक, स्नॅपसारखंच दुसरं पॅकेज? एवढंसं अ‍ॅप घ्यायला गेलं की रनटाइमसकट (अ‍ॅप चालायला लागणाऱ्या फायलींचा संच) शेकडो एमबी.

जुनाट_पेंग्विन:
अहो रनटाइम एकदाच उतरतो, पुढची बरीच अ‍ॅप्स तोच वापरतात. पहिल्या दिवशीचं बघून ओरडायचं नाही.

घरचा_सर्व्हर:
माझं मत वेगळंच, असल्या फोनवर अँड्रॉइड हवंच कशाला. पोस्टमार्केटओएस टाका, फोनसाठीचं लिनक्स, अल्पाइन लिनक्सवर बेतलेलं आहे, वनप्लस ६ वर बरं चालतं. सिंकथिंग (यंत्रायंत्रांत फायली जुळवून ठेवणारं अ‍ॅप) लावून घरच्या फोटोंचा बॅकअप घ्या. फक्त चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. माझ्या एका फोनची (कंपनी सांगत नाही) बॅटरी पुरणपोळीसारखी फुगली, मागचं झाकण उचकटलेलं दिसलं म्हणून कळलं, नाहीतर फ्रिजवर ठेवला होता आणि विसरलो होतो.

शंकासुर:
हेच म्हणतोय मी. हजार दोन हजार वाचवायला घरात फटाका ठेवायचा.

कळफलक्या:
लिनिएजमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे की, बऱ्याच फोनवर चालते. असो. फोन दिला काल. आईने हातात घेतल्या घेतल्या विचारलं, पैसे पाठवायचं ते कुठंय यात.