प्रोस्टेटला दुसऱ्यांदा रेडिएशन : कुणाचा अनुभव आहे का?

मदत हवी आहे. आमचे अण्णा, वय ७४, सोलापूर. २०१८ ला प्रोस्टेट कॅन्सरसाठी रेडिएशन झालं. पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा) ०.४ पर्यंत उतरला होता, आता ३.१. सर्वांत खालच्या आकड्यावर २ चढले की आजार परतला असं धरतात. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी अंगात कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन) गाठ प्रोस्टेटपुरतीच दिसतेय, बायोप्सी व्हायचीय. डॉक्टर एसबीआरटीचे, म्हणजे नेमक्या जागी मोजक्या वेळा दिलेल्या जोरदार रेडिएशनचे, ५ डोस सुचवतात.

भीती मूत्राशय आणि गुदाशयाची; एकदा भाजून निघालेली जागा ती. मागच्या वेळी लघवीला इतकी घाई व्हायची की अण्णांनी सिद्धेश्वर तळ्यावरची पहाटेची फेरीच सोडली होती. दुसऱ्यांदा घेतलेल्यांना रक्त जाणं, लघवी अडणं कितपत झालं? किती महिन्यांनी? ब्रॅकीथेरपी (प्रोस्टेटच्या आत स्रोत ठेवून दिलेलं रेडिएशन) कुणी घेतली का? पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे. काढे कृपया सुचवू नका, आत्याने डबाभर पाठवलेत.