‘अपाय करू नये’ हे वाक्य हिपोक्रेटिसच्या शपथेत आहे का?

प्रश्न

धाकट्या बहिणीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील समारंभात एका वक्त्यांनी ‘प्रथम, अपाय करू नये’ हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेचे पहिले वाक्य असल्याचे सांगितले. घरी येऊन मी शपथेचे भाषांतर दोनदा वाचले. तिच्या आरंभी अपोलो, अस्क्लेपिअस आदी देवतांना साक्षी ठेवले आहे आणि लगेच गुरूला आईवडिलांसमान मानण्याचे वचन आहे. ते वाक्य मात्र कुठेच नाही. मग ते आले कोठून, आणि रुग्णाच्या आधी गुरू का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

गुरूविषयी लिहितो. ग्रीसमध्ये वैद्यकीचा परवाना देणारी कोणतीही यंत्रणा नव्हती, आणि हिपोक्रेटिसच्या नावावरील ‘नोमोस’ या छोट्या ग्रंथात तर स्पष्टच म्हटले आहे की, चुकणाऱ्या वैद्याला नगरांमध्ये बदनामीखेरीज दुसरी शिक्षा नाही. विद्या मुळात घराण्यात चालत असे. बाहेरचा शिष्य घेताना त्याला नात्यात बांधून घ्यावे लागे. म्हणूनच गुरूला अडचणीत पैशाची मदत करणे आणि त्याच्या मुलांना विनामूल्य शिकवणे ही कलमे शपथेत आहेत. मला तो भाग करारनाम्यासारखा वाटतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रतिसाद २

आपण शपथ बारकाईने वाचलीत, याचा आनंद वाटला. रुग्णाला अपाय आणि अन्याय यांपासून दूर ठेवीन, असा आशय तीत आहे. परंतु ‘हित करावे, निदान अपाय तरी करू नये’ हे वाक्य हिपोक्रेटिसच्याच नावावरील ‘एपिडेमिक्स’ या रोगनोंदींच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातील आहे. ते वाचताना शेजारची पानेही अवश्य वाचावीत. थासोस बेटावर तटाजवळ राहणारा फिलिस्कस तापाने अंथरुणाला खिळतो. वैद्य रोजचा ताप, झोप, काळी पडलेली लघवी टिपत जातो. रुग्णाचा श्वास खोल आणि विरळ होतो, जणू श्वास घ्यायचा हे त्याला आठवून करावे लागत आहे. आणि सहाव्या दिवशी मध्यान्हीच्या सुमारास तो दगावतो. पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून अशा ४२ नोंदी आहेत, त्यांपैकी २५ रुग्ण मरण पावले. ज्या व्यवसायात सारी भिस्त नावलौकिकावर होती, त्यात आपल्यासमोर झालेले मृत्यू इतक्या प्रांजळपणे लिहून ठेवणे, हे मला शपथेइतकेच मोठे नीतिकार्य वाटते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद पटले. एवढेच जोडतो की, शपथ हा सर्व ग्रीक वैद्यांचा सर्वमान्य नियम होता असे समजू नये. तिचा आपल्याला ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख इ. स. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन लेखकाने केलेला आहे, म्हणजे हिपोक्रेटिसनंतर सुमारे चार शतकांनी. तीत मारक औषध देण्यास आणि मुतखड्यासाठी शस्त्र चालवण्यास मनाई आहे. लुडविग एडेलस्टाइन यांनी १९४३ मध्ये ती पायथागोरसपंथीयांची, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरसच्या अनुयायांची, असावी असे मांडले होते. ते मत आज फारसे स्वीकारले जात नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रुग्णाला त्याच्या आजाराविषयी खरे सांगावे, असे कुठे म्हटले आहे का?

प्रतिसाद ३

शपथेत गुप्ततेचे वचन आहे, खरे सांगण्याचे नाही. ‘डेकोरम’ या नंतरच्या ग्रंथात तर रुग्णापासून बहुतेक गोष्टी लपवाव्यात आणि पुढे काय होणार हे त्याला कळू देऊ नये, असाच सल्ला आहे. आपल्याला हवा तो विचार ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘लॉज’ (कायदे) या ग्रंथात थोडासा दिसतो: तेथे स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रुग्णाशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो आणि रुग्णाला पटल्याशिवाय उपचार सांगत नाही. गुलामांवर उपचार करणारा गुलाम वैद्य मात्र काहीही न समजावता आज्ञा देतो आणि पुढच्या रुग्णाकडे निघून जातो.