समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाळी कादंबऱ्या: नुसता पळ की हक्काचा विसावा?

माहीमची लेक
काल माझ्या हातात अमेरिकन लेखिका एलिन हिल्डरब्रँडची कादंबरी बघून ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अजून हेच वाचतेस?" मला ते लागलं, म्हणून लिहितेय.

गेली 9 वर्षं दर मे महिन्यात मी तिची एक तरी कादंबरी वाचते. अमेरिकेतलं नॅनटकेट बेट, राखाडी लाकडी घरं, निळ्या हायड्रेंजियाची झुडपं, बोटीने येणारे पाहुणे आणि एखाद्या घराने दडवून ठेवलेलं काहीतरी. दर वेळी तेच बेट, आणि मला तेच हवं असतं. आई 3 वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिचं सगळं आवरून, सांभाळणाऱ्या मावशी आल्या की मी निघते. माहीम ते चर्चगेट जेमतेम अर्धा तास. तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारत नाही. त्याचाही हिशोब द्यायचा का?

परळचा वाचक
ताई, हिशोब कुणी मागू नये. पण माझा आक्षेप वेगळा आहे. माझे वडील गिरणीत होते. 1982च्या संपानंतर घरात पगार आला नाही, तरी ते वाचनालयातून नारायण सुर्वे आणून वाचायचे. वाचल्यावर आपलीच चाळ नव्याने दिसायची. तुमच्या त्या बेटावरचा उन्हाळा मेच्या शेवटच्या सोमवारी सुरू होऊन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. तेव्हा आपल्याकडे काय असतं? धो धो पाऊस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, वरळी कोळीवाड्यात होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. माहीमला तर समुद्र तुमच्या दाराशी आहे. आपल्या समुद्राचे ऋतू सोडून परक्यांचे पाठ होतात, हे मला खुपतं.

गिरगावची सून
माझ्या सासऱ्यांनी रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. हजाराहून जास्त पुस्तकं त्या माणसाची! त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी सासऱ्यांना वाचायची सवय लावली, म्हणून पुढे बाकीचं वाचलं गेलं. तेव्हाही घरात हेच बोलणं खावं लागायचं.

परळचा वाचक
झुंजार आपल्या मुंबईत फिरायचा, वहिनी.

माहीमची लेक
दादा, तुमचा पावसाचा मुद्दा पटला. कोळीवाड्यावरून मी रोज जाते, पण थांबून कधी बघितलं नाही, हे खरं. पण या कादंबऱ्या नुसत्या श्रीमंतांच्या सुट्ट्या आहेत, असं समजू नका. तिची 2000 सालची पहिली कादंबरी बेटावरच्या हॉटेलात राबणाऱ्या माणसांची आहे. 2020च्या एका कादंबरीत तर सुरुवातीलाच नायिका कॅन्सरने जाते. स्वतः लेखिकेला 2014 साली स्तनाचा कॅन्सर झाला, तरी ती लिहीत राहिली. दुःख तिथेही आहे. फक्त ते बघायला मला दुसऱ्याच्या अंगणात बसता येतं. घरातलं दुःख बघताना बसायलाच मिळत नाही.

परळचा वाचक
हे शेवटचं वाक्य मला मान्य. तरी विचारतो, विसावा घ्यायला दर वेळी बंगलेवाल्यांच्याच अंगणात का जावं लागतं? आपल्या किनाऱ्यावर असं अंगण मराठीत कुणी लिहिलं, तर मी पहिला घेईन.

गिरगावची सून
मीपण. आणि त्यात सुरमईच्या कालवणाचं वर्णन पानभर हवं.

माहीमची लेक
दादा, मराठीत असं अंगण मिळालं, तर तिथेही जाईन. पण हे सोडणार नाही. बेटावरची शेवटची उन्हाळी कादंबरी म्हणून तिने 2024 साली एक लिहिली. ती मी पुरवून ठेवली होती. तुमचं वाचल्यावर काल रात्री उघडली आणि दोन पानं आईला मराठीत सांगितली. तिने डोळे न उघडता विचारलं, "तिकडे पाऊस कधी लागतो गं?"