सावळ्या आणि गव्हाळ वर्णाला खुलणारे रंग घरच्या घरी कसे ओळखावेत?

आमसुली

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि बहुतेक दिवस साडी नेसते. माझा वर्ण सावळा, केस काळेभोर आणि डोळे गडद तपकिरी आहेत. सावळ्या वर्णाला फिके रंगच शोभतात, गडद रंगात माणूस आणखी काळवंडलेला दिसतो, हा सल्ला कळत्या वयापासून घरातून आणि दुकानदारांकडूनही मिळत आल्यामुळे माझ्याकडे बदामी, राखाडी, फिकट गुलाबी आणि मातकट साड्यांचीच गर्दी झाली आहे. त्या नेसल्या की सहकारी शिक्षिका हमखास ‘आज बरे वाटत नाही का?’ असे विचारतात. मोठ्या बहिणीने आग्रहाने घेऊन दिलेल्या डाळिंबी साडीत मात्र चेहरा टवटवीत दिसतो, असे सगळ्यांचेच म्हणणे पडले.

आंतरजालावरच्या एका चाचणीने माझ्या त्वचेची छटा उबदार, म्हणजे पिवळसर झाकेची ठरवली आणि दुसरीने शीत, म्हणजे निळसर-गुलाबी झाकेची. मनगटावरच्या शिरा निळ्या असतील तर छटा शीत आणि हिरव्या असतील तर उबदार म्हणतात, पण त्या निळ्या आहेत की हिरव्या, हे मला कितीही निरखून पाहिले तरी ठरवता येत नाही. चेहरा गोरा दिसावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. तो थकलेला दिसू नये, एवढेच हवे आहे. त्यासाठी भरवशाची पद्धत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

ताणाबाणा

आमसुलीताई, गोरे दिसण्याची अपेक्षा नाही हे तुम्ही आधीच स्पष्ट केलेत ते फार बरे केलेत, कारण रंग निवडताना आपल्याकडे निम्मा गोंधळ त्या एका अपेक्षेपायी होतो. साड्यांच्या व्यवसायात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, आणि सावळ्या मुलीपुढे फिक्या साड्यांचा ढीग टाकण्याची आपल्या दुकानांतली सवय मला मनापासून खटकते.

कपड्याचा चेहऱ्यावर दोन प्रकारे परिणाम होतो. कपड्यावर पडलेला उजेड हनुवटीखाली आणि गालांच्या खालच्या भागावर परततो आणि येताना कपड्याचा रंग घेऊन येतो. रेशमी, चमकदार आणि उजळ कापडाच्या बाबतीत हे अधिक जाणवते. दुसरा परिणाम पाहणाऱ्याच्या नजरेत घडतो. पॅरिसमधल्या गोबलँ या भिंतचित्रे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळा रंग नीट उतरत नाही अशी तक्रार आली होती. तपासाअंती रंगात दोष निघाला नाही. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो डोळ्यांना निस्तेज भासत होता. शेजारचे रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला आणि तो पोशाखालाही लावून दाखवला. हिरव्या कापडाशेजारी त्वचेतला तांबूसपणा वाढल्यासारखा वाटतो, तर गुलाबी कापडाशेजारी तोच कमी होऊन त्वचा किंचित हिरवट भासते, ती यामुळेच. फिकट गुलाबी साडीत तुम्ही आजारी दिसता, याचे एक कारण हे असू शकते.

बदामी आणि मातकट रंगांचे कारण मात्र वेगळे आहे. कापडाची उजळता त्वचेच्या उजळतेच्या जवळ असली आणि रंगही मंद असला, तर चेहरा आणि कापड यांच्यातली सीमाच पुसट होते आणि नाकडोळे उठून दिसत नाहीत. सावळी त्वचा आणि काळे केस असलेल्या व्यक्तीला डाळिंबी, मोरपंखी, वांगी, राणी, चिंतामणी असे भरलेले रंग सहज पेलतात, कारण चेहऱ्यात मुळातच रंगाची खोली असते. गडद रंगात माणूस काळवंडतो हे म्हणणे मला साफ चुकीचे वाटते. काळवंडल्यासारखा दिसतो तो मळकट रंगात.

आता पद्धतीविषयी. चेहरा धुवून, काजळ-पावडर काहीही न लावता थोडा वेळ जाऊ द्यावा, कारण नुकत्याच पुसलेल्या चेहऱ्यावर लाली असते. दिवसाच्या स्वच्छ उजेडात, पण थेट ऊन अंगावर येणार नाही अशा बेताने, खिडकीजवळ आरसा घेऊन बसावे. भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर त्यांचाच रंग चेहऱ्यावर येतो, म्हणून अशा वेळी गच्चीची सावली बरी. आधी पांढराशुभ्र पंचा आणि मग मोतिया रंगाचे कापड हनुवटीखाली खांद्यापर्यंत पसरून पाहावे. लक्ष कापडाकडे न देता डोळ्यांखालची वर्तुळे, ओठांच्या कडेची सावली आणि जबड्याची रेषा यांच्याकडे द्यावे. चुकीच्या रंगात वर्तुळे आणि सावल्या गडद होतात. योग्य रंगात त्या मागे पडतात आणि आधी डोळे दिसतात. घरातल्या साड्या आणि ओढण्या याच रीतीने एकामागून एक लावून पाहाव्यात आणि शेजारी एखादी स्पष्ट बोलणारी व्यक्ती बसवावी. मोबाइलच्या छायाचित्रावर विसंबू नये, कारण समोरचे कापड बदलले की कॅमेरा आपोआप रंगांचा समतोल बदलतो आणि त्याबरोबर तुमच्या त्वचेचा रंगही बदलून दाखवतो.

दुकानातही हीच काळजी घ्यावी. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचे माप) पिवळसर दिव्यांखाली केशरी आणि लाल रंग खुलतात, निळे मंदावतात, आणि जुळलेले वाटणारे साडी-ब्लाउज बाहेर येताच वेगळे दिसू शकतात. साडी दारात नेऊन उजेडात पाहण्याची आपल्या आज्यांची रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. तिचा आग्रह धरायला संकोच करू नका.

उजेड

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ शिरांच्या चाचणीबद्दल थोडे लिहिते, कारण तिच्यामुळे अनेकींचा विनाकारण गोंधळ होतो. शिरांमधले रक्त निळे किंवा हिरवे नसून गडद लाल असते. त्वचेत शिरणाऱ्या प्रकाशाचे विखुरणे आणि शोषण, शिरेची खोली आणि भोवतालच्या त्वचेशी आपल्या डोळ्यांनी केलेली तुलना या सगळ्यांतून ती निळसर किंवा हिरवट भासते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य अधिक असल्यामुळे शिरा मुळातच झाकल्या जातात. तेव्हा त्या चाचणीत तुमचे काही चुकले असे समजू नका. ती तुमच्यासारख्या त्वचेसाठी उपयोगाची नाही.

त्वचेचा रंग मेलॅनिनचे प्रमाण आणि प्रकार, रक्तातले हिमोग्लोबिन आणि थोड्या प्रमाणात कॅरोटीन हे पिवळसर-केशरी रंगद्रव्य यांच्यावर अवलंबून असतो. उन्हाने त्वचा गडद होते, पण तिच्यातली पिवळसर, तांबूस किंवा किंचित हिरवट झाक सहसा कायम राहते, म्हणूनच दोन सावळ्या बहिणींना एकच पिवळा रंग सारखा शोभेलच असे नाही. आपल्याकडे अनेकांचे कपाळ आणि ओठांच्या भोवतीची त्वचा गळ्यापेक्षा गडद असते, म्हणून झाक ठरवताना जबड्याखालचा आणि गळ्याचा भाग पाहावा.

माणसांची वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर अशी वाटणी करणारी पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतून लोकप्रिय झाली. तिच्यात सोनेरी, तांबूस, तपकिरी केस आणि निळे, हिरवे डोळे यांच्या भेदांना मोठे महत्त्व आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे केस काळे आणि डोळे गडद असल्यामुळे ते भेदच गळून पडतात, आणि गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंतच्या कितीतरी जणांची रवानगी एकाच खान्यात होते. दोन चाचण्यांनी दोन उत्तरे दिली, यात मला तरी नवल वाटत नाही.

चंद्रकळा

काळ्या रंगाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. संक्रांतीला काळी साडी नेसताना गळ्यात आणि कानात हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. काळा रंग चेहऱ्यालगत आला की सावल्या गडद होतात. मधे पांढऱ्याची ओळ आली की चेहरा पुन्हा उजळ होतो. सणाव्यतिरिक्तही मोत्याची माळ किंवा पांढऱ्या काठाचा ब्लाउज हेच काम करतो. वयाचाही विचार व्हावा. केस पांढरे झाल्यावर चेहऱ्याभोवतीची काळी चौकट नाहीशी होते, आणि तरुणपणी खुलणारा एखादा रंग अंगावर जड वाटू लागतो. साठीनंतर मला निव्वळ काळ्यापेक्षा जांभळा आणि गडद निळा अधिक मानवतो, म्हणून ही पारख अधूनमधून नव्याने करावी.

आमसुली

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बहिणीला शेजारी बसवून पाहिले. पांढऱ्याशुभ्र कापडात ओठांच्या कडेची सावली ठळक झाली, मोतिया कापडात ती जवळजवळ दिसेनाशी झाली. डाळिंबी, मोरपंखी आणि हळदी रंग उत्तम वाटले; राणी रंगात मात्र आधी साडीच दिसत होती. आता आधीच्या साड्यांचे काय करावे? त्यांतल्या काही सुती साड्या फार चांगल्या आहेत.

ताणाबाणा

त्या मुळीच टाकू नका. चेहऱ्याच्या सर्वांत जवळ ब्लाउजचा गळा आणि खांद्यावरचा पदर असतो. निऱ्यांचा रंग चेहऱ्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. बदामी साडीवर डाळिंबी खणाचा ब्लाउज शिवून घ्या आणि गळा फार खोल ठेवू नका, म्हणजे त्वचा आणि साडी यांच्यामध्ये रंगाची स्पष्ट रेघ येईल. राखाडीवर मोरपंखी चालेल. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असलेल्या धूपछाँव साड्यांची घडी पाहून निर्णय घेऊ नका; पदर खांद्यावर टाकल्यावर जो रंग वर येतो तोच धरा.

कोरा कागद

हेच नियम पुरुषांच्या शर्टांना लागू होतात का? माझा वर्ण गव्हाळ, पिवळसर झाक असलेला आहे आणि कार्यालयात खाकी किंवा फिकट पिवळा शर्ट घातला की चेहरा उतरलेला दिसतो.

उजेड

तंतोतंत लागू होतात, आणि पुरुषांच्या बाबतीत पारख सोपी आहे, कारण कॉलर थेट जबड्याखाली असते. पिवळसर झाक असलेल्या त्वचेशेजारी खाकी आणि फिकट पिवळा हे रंग तीच झाक वाढवतात आणि शिवाय उजळतेतही त्वचेच्या जवळ जातात. आकाशी, गडद निळा, बाटलीहिरवा आणि वाइनसारखा लाल हे रंग कॉलरशी धरून पाहा. खाकीच हवी असेल तर ती पँटला ठेवा, तिथे तिचा चेहऱ्याशी संबंध येत नाही.