टॉर्चपेक्षा दोर कामाचा

जोरदार टॉर्च दिला की नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या तळाशी पडलेला पंप पाणबुड्यांना सहज दिसेल, हे काहींचं म्हणणं मला पटत नाही. गाळ ढवळला की उजेड कणांवर आपटून डोळ्यांतच परत येतो. तिथे खरा आधार दोराचा. तळाशी ठेवलेल्या वजनाला दोर बांधायचा, तो ताणून धरत, हाताने तळ चाचपत गोल फिरायचं. फेरी पूर्ण झाली की थोडा दोर सोडून पुढची.

पंप वर काढायला त्याला हवेची पिशवी लावतात, त्याबद्दलही सांगायला हवं. १० मीटर खोलीवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. जादा हवा सोडली नाही तर पंप सुसाट वर येतो आणि पिशवी उलटली तर तसाच खाली कोसळतो. त्याच्या खाली कुणीही थांबू नका, ही कळकळीची विनंती.